घराला नमस्कार

त्यांना आकाशाचं काडीइतकंही कौतुक नव्हतं. विमान चालवणारा माणूस म्हटलं की आपल्याला वाटतं, हा सारखा मान वर करून चालत असणार. हे गृहस्थ कायम खाली बघत चालायचे. वाटेत एखादा नट, वॉशर, खिळा दिसला की वाकून उचलायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. धावपट्टीवर पडलेला एवढासा तुकडाही विमानाचा घात करू शकतो, म्हणून लागलेली सवय. पण ते मरोळच्या मासळीबाजारातही वॉशर उचलायचे. तिथे कुठलं विमान उतरणार होतं, देव जाणे.

"आकाश बघायला विमान कशाला लागतं?" ते म्हणायचे. "गच्चीवर जा, चटई टाका, उताणे पडा. विमानात बसायचं ते जमीन बघायला."

मूळचे ते कुडाळकडचे. तरुणपणी हवाई दलात विमानांची दुरुस्ती करायचे, तिथून सुटल्यावर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि लेथ मशीन टाकलं. विमान चालवण्याचं लायसन्स त्यांनी चाळिशी उलटल्यावर काढलं. जुहूच्या लहान धावपट्टीवर तेव्हा एक क्लब होता, त्याची दोन-तीन जुनी विमानं होती. शनिवारी दिवसभर हे तिथे जाऊन विमानांची दुरुस्ती फुकटात करून द्यायचे. त्या बदल्यात क्लबाने त्यांना रविवारी सकाळचा एक तास दिला होता. एक तास, चार जणांचं एका पंख्याचं विमान आणि टाकीत तेवढ्यापुरतं तेल.

दुसरा कुणी असता तर त्या तासात बायकोला घेऊन अलिबागपर्यंत चक्कर मारून आला असता. हे त्या तासात शाळेतली पोरं वर न्यायचे. अंधेरीपासून दहिसरपर्यंतच्या मराठी शाळांची, ज्यांच्या घरात कुणी विमानात बसलेलं नाही आणि बसण्याची शक्यताही नाही, अशी पोरं. एका रविवारी दोन नाहीतर तीन. वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

तो तास माझ्यामुळे गेला. हे मी आयुष्यात फक्त दोन माणसांना सांगितलंय, आता तुम्हाला सांगते. सांगायचंच तर नीट सांगते.

आमच्या दहिसरच्या शाळेत ते पहिल्यांदा आले ते स्कूटरवर, मागे विमानाचा लाकडी पंखा आडवा बांधून. टोक तुटलेला, निकामी झालेला, पण लांबीला चांगला माणसाएवढा. हायवेवर हवालदाराने अडवलं.

"हे काय आहे?"

"पंखा."

"एवढा? कुठे लावणार?"

"शाळेत नेतोय, पोरांसाठी."

हवालदाराला गहिवरून आलं म्हणे. शाळेतल्या पोरांना उकडतं याची कुणाला तरी काळजी आहे, म्हणून त्याने पुढच्या गाड्या थांबवून यांना वाट करून दिली. ही हकिगत त्यांनी आम्हाला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितली की आम्ही हसावं की नाही तेच कळेना. आमचे हेडसर मात्र खो खो हसले.

वर्गात ते "तुमच्यापैकी पायलट कोण होणार?" असलं काही विचारायचे नाहीत. हेडसरांनीच विचारलं तेव्हा नाराज झाले. म्हणाले, "सगळे पायलट झाले तर खाली कोण उभं राहील, सर? वर गेलेल्याला खाली कुणीतरी लागतं." मग त्यांनी तो पंखा टेबलावर ठेवला आणि प्रत्येकाला त्यावरून हात फिरवायला लावला. हवा कुठून कापली जाते, मागे कशी ढकलली जाते, हे बोटांनी समजून घ्या म्हणाले. पन्नास पोरांची रांग लागली. माझा नंबर आला तेव्हा ते लाकूड इतक्या हातांनी गरम झालं होतं. मी नववीत होते. घरी जाऊन आईला म्हटलं, मला त्या विमानात बसायचंय. त्याआधी मी कुठलीही गोष्ट इतकी मागितली नव्हती.

नंबर लागायला दोन अटी होत्या. पहिली वजनाची. भंगारातून आणलेला एक काटा त्यांच्याकडे होता. नाव देताना एकदा आणि विमानात बसण्याआधी परत, प्रत्येकाने त्यावर उभं राहायचं, आणि आकडा ते खडूने स्वतःच्या हाताच्या पंजावर लिहायचे. "वडापाव खाऊन आलास तर वड्याचंही वजन लिहीन," अशी धमकी असायची. एकदा एका पोराचं वजन आठवड्यात दीड किलोने वाढलेलं निघालं. पोरगा शपथेवर सांगे, मी काही खाल्लं नाही. शेवटी पिशवी उघडली तर आत सोललेला नारळ आणि डबाभर लाडू. आजीने दिले होते, वर गेलास की देवाच्या जवळ जाशील, तिथेच वाढव म्हणून. त्यांनी नारळ जमिनीवर फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं, पाणी विमानाच्या चाकावर ओतलं. विमानाला ते 'बाई' म्हणायचे. "बाईला खोटं चालत नाही हां," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि बाईत चढताना चपला खाली काढून ठेवायचे. अनवाणी चालवायचे विमान. पायाला पेडल कळलं पाहिजे म्हणायचे. परत येईपर्यंत धावपट्टीच्या कडेला त्यांच्या चपला तशाच पडलेल्या असायच्या, देवळाबाहेर असाव्यात तशा.

दुसरी अट नकाशाची. आपलं घर आणि आजूबाजूचा परिसर, कावळ्याला वरून दिसेल तसा कागदावर काढून आणायचा. कुठे देऊळ, कुठे नाला, कुठे पिठाची गिरणी. मग त्या रविवारी घरच्यांनी ठरलेल्या वेळी घराबाहेर मोकळ्यावर यायचं आणि मोठं रंगीत कापड पसरून उभं राहायचं. विमान किनाऱ्याकिनाऱ्याने वर्सोवा, मढ, गोराई करत उत्तरेला जायचं. ज्याचं घर असेल त्याने ते स्वतः शोधायचं आणि बोट दाखवायचं, "ते माझं घर." हे मदत करायचे नाहीत. बोट दाखवलं की त्या घरावरून एक चक्कर, आणि मग विमानाचे पंख डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे कलायचे. तो घराला नमस्कार. खालची माणसं वेडी व्हायची. म्हाताऱ्या उलट हात जोडायच्या.

अंधेरीच्या पोरांची मात्र पंचाईत होती. तिथून मोठ्या विमानांचा रस्ता, यांच्या बाईला तिकडे फिरकायची परवानगी नव्हती. त्या पोरांना ते वर्सोव्याची मावशी, गोराईचा मामा असं कुणाचं तरी घर शोधून आणायला सांगायचे. एका पोराला कुणीच नव्हतं. त्याने मढच्या एका ओळखीच्या कोळणीचं झोपडं घर म्हणून नकाशात काढलं, आणि ती बाई ठरल्या वेळी जाळं पसरून उभी राहिली, पोरासोरांसकट.

माझा नकाशा त्यांना फार आवडला होता. खोटं कशाला बोलू, मी तो जीव ओतून काढला होता. आम्ही नदीकाठच्या चाळीत राहायचो, बारा खोल्यांची बैठी चाळ, वर पत्रे. एका बाजूला धोबी कपडे वाळत घालायचे, दुसऱ्या बाजूला म्हशींचा तबेला. मी तबेल्यात जाऊन म्हशी मोजून आले आणि तेवढ्या काढल्या. त्यांनी नकाशातल्या म्हशींवर एकेक करून बोट ठेवलं. मग हेडसरांना म्हणाले, "ह्या बायने म्हशी पण सोडल्या नाहीत. हिला घर सापडणारच." त्या दिवसापासून मला 'म्हशीवाली' म्हणायला लागले.

आमच्या चाळीत तो रविवार म्हणजे सणच झाला. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते एका कारखान्यात वॉचमन होते. त्यांनी रविवारची ड्युटी बदलून घेतली. आईने तीन जुन्या साड्या जोडून एक अवाढव्य चादर शिवली, नारिंगी, काठ हिरवे. ती शिवायला आठवडा गेला. शेजारपाजारचे सगळे चादरीचं एकेक टोक धरायला येणार होते. कुणीतरी ढोलकीही काढली. मी पहाटे निघाले तेव्हा आई आमच्या मालवणीत म्हणाली, "वरसून हात कर हां. माका दिसात नाय तरी कर."

जुहूला माझ्यासोबत त्या दिवशी एकच मुलगी होती, बोरिवलीची. शाळा मराठीच, पण वडील मोठे वकील, शाळेच्या कमिटीवर असल्याने हिचा नंबर लागलेला. स्वच्छ बूट, रिबिनी, आणि स्वभावाने इतकी गोड की तिच्यावर रागावताही येऊ नये. वजन करून होईपर्यंत आम्ही मैत्रिणी झालो. तिने मला अर्धं चॉकलेट दिलं. मग विचारलं, "तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे?"

मी म्हटलं, "आहे. पण बंदच असते."

तोंडातून निघून गेलं. तिने विचारलं तेही सहज, मी सांगितलं तेही सहज. ती म्हणाली, "आमची पण सारखी बंद पडते, कंटाळा." आणि आम्ही दोघी लिफ्टच्या नावाने बोटं मोडत विमानात चढलो. मी पुढे त्यांच्या शेजारी, ती मागे. त्यांनी चपला काढल्या. माझा नकाशा घडी घालून त्यांच्या मांडीवरच्या चिमट्याला लावलेला होता.

विमान उठलं तेव्हा काय वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. पोटात काहीतरी खाली राहून गेलं आणि बाकीची मी वर आले. आवाज इतका की कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येईना. खाली कोळ्यांच्या होड्या, मग खारफुटी, मग मिठागरांचे चौकोन. ते ओरडले, "भियालंस काय गो?" मी मान हलवली. खरंच भीती वाटत नव्हती. उलट वाटत होतं, हे कधी संपूच नये. आजही रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर कधीतरी एकदम तसं वाटतं, आणि मग ते जातं.

बोरिवली आली. तिने मागून हात लांबवून बोट दाखवलं. गच्चीवर पिवळी साडी, चार माणसं. चक्कर, नमस्कार. तिने आनंदाने माझे खांदे धरले आणि ते सोडलेच नाहीत. तशीच पुढे वाकून, माझ्या गालाला गाल लावून बघत राहिली. "आता तुझी," कानात ओरडली.

दहिसरची नदी लांबून चमकली. मला घर पहिल्या नजरेत दिसलं. शोधावंच लागलं नाही. ती नारिंगी चादर स्टेशनपासून कुणालाही दिसली असती. आणि तिच्या शेजारी तबेला, शेणाचे ढीग, वाळत घातलेल्या दुसऱ्यांच्या चादरी, आणि आमचे पत्रे, पत्र्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड आणि जुने टायर.

स्टेशनच्या अंगाला एक पाच मजली पांढरी इमारत नुकतीच उभी राहिली होती. मी तिच्याकडे बोट केलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या नकाशाकडे बघितलं, मग खाली नदीकडे. त्यांना दिसलं होतं, मला शंका नाही. ते वाकून माझ्या कानाशी ओरडले, "तां तुझा घर? नक्की मां?"

गालाला तिचा गाल होता. मी मान हलवली.

नियम त्यांचाच होता, पोराने बोट दाखवलं की ते घर. त्यांनी चक्कर घेतली आणि बाईने पंख कलवून त्या पांढऱ्या इमारतीला नमस्कार केला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई पापड वाळत घालत होती. तिने वरही बघितलं नाही. मग आम्ही वळलो आणि जुहूला परत आलो.  मी हात केला नाही.

मी घरी आले. बाबा म्हणाले, "अगं, आलं होतं की विमान, आम्ही बघितलं. पण तिकडे स्टेशनकडेच फिरलं." आई चादरीची घडी घालत होती. म्हणाली, माझंच चुकलं, दुसरा रंग घ्यायला हवा होता, नारिंगी मातीत मिसळला असेल. शेजारीण म्हणाली, ढोलकी नको म्हटलं होतं मी. मी म्हटलं, मला भूक नाही. आणि चटईवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. दारात उभे राहिले, आई हळू आवाजात त्यांना काहीतरी म्हणाली, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी आतल्या पडद्यामागे.  आता हे सांगणार, चाळीसमोर सांगणार.

ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही सगळी उन्हात उभी राहिलात. चूक माझी. पोरगी दाखवत होती, माझ्याच लक्षात आलं नाही. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

"असू दे हो," बाबा म्हणाले. "वय झालं की व्हतां तसा." आई म्हणाली, "चाय तरी घेवा." त्यांनी चहा घेतला, उभ्यानेच, आणि गेले. पडद्यामागे मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. दुसरं काहीही नाही. लाज वगैरे नंतर आली.

पण चाळीत सगळ्यांनी ऐकलं होतं. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा नंबर पुढच्या महिन्यात होता. त्याचे वडील रात्री बाबांना म्हणाले, "एवढी मोठी चादर ज्याला दिसत नाही, त्याच्या विमानात पोर कसं बसवायचं?" माणूस चुकीचं बोलत नव्हता. दोन दिवसांत ते शाळेत पोचलं, आठवड्यात दुसऱ्या शाळांत. हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर तीन-चार पालक बसलेले. हेडसर फार प्रेमाने म्हणाले, "बाळ, तू त्यांच्या शेजारी बसली होतीस. त्यांना खरंच दिसत नव्हतं का?"

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. "त्यांना दिसलं होतं, सर, मीच खोटं बोट दाखवलं." मी घरून पाठ करून गेले होते हे वाक्य. पालकांत तो शेजारीही होता, उद्या चाळभर होणार, आईपर्यंत जाणार. मी म्हटलं, "माहीत नाही, सर."

शाळांनी पोरं पाठवणं थांबवलं. क्लबात पत्र गेलं. क्लबाने त्यांचे डोळे तपासून घेतले, आणि डॉक्टरने लिहून दिलं की डोळे उत्तम आहेत, तरण्या माणसालाही लाजवतील असे. पण मग प्रश्न आला की चांगल्या डोळ्यांच्या माणसाला चादर कशी दिसली नाही? म्हणजे लक्ष नव्हतं. ते तर जास्तच वाईट. यावर ते काहीच बोलले नाहीत म्हणे. क्लबातल्या लोकांनी म्हटलं, कशाला नसती भानगड, आणि रविवारचा तास बंद झाला. शनिवारची दुरुस्ती मात्र ते करत राहिले, बदल्यात काहीही न घेता. लोक म्हणाले, माणूस आधीच अर्धवट होता, आता पुरता झाला.

मी कधीकधी अंधेरीला काही काम काढून जायचे आणि मरोळच्या बसमध्ये बसायचे. वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. असं मी चार वर्षांत कितीदा केलं असेल, सांगवत नाही. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला असताना एकदा आत गेले.

गाळ्यात लेथ चालू होतं. ते कुणाच्या तरी खिडकीची बिजागरी बनवत होते. मी दारात उभी राहिले, त्यांनी चष्म्याशिवाय, लांबून, एका नजरेत ओळखलं. "म्हशीवाली," म्हणाले. "वजन वाढला गो तुझा." मशीन बंद केलं. स्टूल पुसून दिलं.

मी सगळं घडाघडा बोलले. लिफ्ट, चॉकलेट, हेडसर, सगळं. म्हटलं, मी आता क्लबात जाते, शाळांमध्ये जाते, लिहून देते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते विमान विकलं गं त्यांनी गेल्या वर्षी. कुणाला लिहून देतेस?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी खरं का नाही सांगितलंत? बाईला खोटं चालत नाही म्हणायचात."

ते बिजागरी हातात घेऊन उघडझाप करत राहिले. तेल कमी होतं, कुरकुरत होती.

"मी सांगायलाच आलो होतो," ते म्हणाले. "रागच आला होता माका. स्कूटरवर वाक्यं जुळवत आलो. दारात तुझी आई उभी. म्हणाली, माझी चादर दिसली नाही ना, रंग चुकला माझा. आता तिला काय सांगू? दिसलं नाही, हे आईला सांगता येतं. दिसलं आणि नको म्हटलं, हे कुठल्या आईला सांगायचं गो?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. नंतर समोरच्या टपरीवरून चहा मागवला, आणि मला विमानाबद्दल नाही, कॉलेजबद्दल विचारत बसले. निघताना म्हणाले, "पोरं पाच-सहाशे तरी फिरवली असतील मी. तू एकटीच अशी, जिला मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. ती चूक माझीच." माणूस शेवटपर्यंत स्वतःच्याच माथी मारून घेत होता.

पुढे गाळा विकून ते कुडाळला गेले आणि तिकडेच वारले, हे मला फार उशिरा कळलं. मी बँकेत लागले, लग्न झालं, विमानात बसायचे प्रसंगही पुष्कळ आले. मोठ्या विमानांना उंची फार, आणि ती कुठल्याच घरापाशी थांबत नाहीत. त्या लहान विमानासाठी, त्या एका सकाळसाठी जीव तुटतो, तसा दुसऱ्या कशासाठी तुटत नाही. आणि तुटतो तेव्हा ते आधी आठवतात, अनवाणी पाय पेडलवर ठेवलेले, पंजावर खडूने माझं वजन लिहिलेलं.

पण मला सांगायचंय ते त्या मरोळहून परत आल्या दिवसाचं. ट्यूबलाइटखाली आई कुणाच्या तरी साडीला फॉल लावत बसली होती. बाबा ड्युटीवर होते. मी चपलाही न काढता उंबऱ्यात बसले आणि सांगून टाकलं. त्यांना दिसलं होतं, मलाही दिसलं होतं, मी दुसरीकडे बोट केलं. का केलं, तेही सांगितलं. पत्रे, टायर, तबेला, सगळं.

आईची सुई थांबली. मला वाटलं, आता उठेल आणि एक ठेवून देईल. तिने सुई साडीत टोचून ठेवली. मग साडी बाजूला सारून माझ्या जवळ सरकली.

"म्हणजे तुका दिसला मां आपला घर?"

"हो."

"मगे सांग तरी. कसा दिसता ता वरसून?"

चार वर्षं ती हे विचारायची राहिली होती. मी सांगायला लागले. नदी तिथे अशी वळते, आपण वळणाच्या अगदी पोटात. पत्रे गंजलेले ना, ते वरून लालभडक, कौलांसारखे दिसतात. म्हशी मोहरीएवढ्या. बाबा चादरीच्या मधोमध खाली घुसले होते, वाऱ्याने फुगत होती म्हणून डोक्याने धरून. आणि तू नदीकडच्या कोपऱ्यावर, एक हात कपाळावर आडवा.

"मी वळखाक इलंय?"

"लगेच."

"तोंड दिसला माझा?"

इतक्या उंचावरून कुणाचंही तोंड दिसत नाही. मी हो म्हटलं.